राजाची सही

बँकेत एकतीस वर्षं काढली मी आणि त्यातली अर्धी तरी लोकांच्या सह्या ताडून बघण्यात गेली. कॉम्प्युटर यायच्या आधी स्पेसिमन कार्डं असायची, लांबट लाकडी ट्रेमध्ये उभी खोचलेली, चेक आला की कार्ड उपसायचं, दोन सह्या शेजारी शेजारी धरायच्या आणि समोर रांग खोळंबलेली असताना एका नजरेत ठरवायचं की पास करायचा का परत पाठवायचा. ही खोड जात नाही. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी म्युझियममध्ये एखादं जुनं पत्र दिसलं की मजकूर राहतो बाजूला, डोळे आधी खाली सहीकडे जातात. लेक म्हणते, आई तू माणसं पण अशीच बघतेस.

तर ही लेक हॅम्बुर्गला असते, आल्टोना भागात. गेल्या उन्हाळ्यात दोन महिने तिच्याकडे होते. सकाळी ती दोघं कामाला गेली की मी पायी भटकायचे, भाषा येत नाही म्हणून पाट्यांवरची अक्षरं जुळवत जुळवत, आणि एक दिवस एल्ब नदीच्या जवळ एका रस्त्याची पाटी दिसली, स्ट्रुएन्झे-श्ट्रासे. उच्चार करताना जीभ अडकली म्हणून लक्षात राहिली. संध्याकाळी कणीक मळता मळता लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "अगं तो इथला डॉक्टर होता, राणीशी लफडं केलं आणि मुंडकं उडवलं त्याचं." मी म्हटलं, मुंडकं उडवलं त्याच्या नावाने रस्ता? ती म्हणाली, तूच वाच आता.

वाचलं मग. पुढचे दोन महिने दुसरं काही वाचलंच नाही म्हटलं तरी चालेल.

गोष्ट डेन्मार्कची आहे. आल्टोना तेव्हा डेन्मार्कच्याच राजाकडे होतं. राणी म्हणजे कॅरोलिन मटिल्डा, इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जची धाकटी बहीण, जन्म १७५१ चा, बाप ती पोटात असतानाच गेलेला. १७६६ मध्ये, पंधराव्या वर्षी, हिचं लग्न लावून कोपनहेगनला रवानगी केली. नवरा क्रिश्चन सातवा, सतरा वर्षांचा आणि हिचा सख्खा आतेभाऊ. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न चालतं, त्यामुळे मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. विशेष हे की नवऱ्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आज डॉक्टरांनी त्याला काहीतरी नाव दिलं असतं, गोळ्या दिल्या असत्या. तेव्हा लहानपणी कडक मास्तर ठेवला होता आणि तो मारायचा, एवढाच इलाज. मोठा झाल्यावर हा रात्री कोपनहेगनच्या गल्ल्यांत दंगा करत फिरायचा, एका बाईला उघड घेऊन हिंडायचा, आणि बायकोवर प्रेम करणं फॅशनला धरून नाही असं म्हणायचा म्हणे. तरी १७६८ च्या जानेवारीत मुलगा झाला, फ्रेडरिक. गादीला वारस मिळाला, दरबाराच्या दृष्टीने सुनेचं काम संपलं. ती सोळा वर्षांची होती.

एका राजवाड्यात खिडकीच्या काचेवर तिने अंगठीतल्या हिऱ्याने ओरखडून ठेवलं होतं असं सांगतात, देवा मला निष्पाप ठेव, मोठेपण दुसऱ्यांना दे. तो वाडा पुढे जळला, काचही गेली.

आता राजाची एक गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. डेन्मार्कमध्ये १६६५ पासून एक राजकायदा होता, त्याने राजाला सगळ्याच्या वर बसवलेलं. संसद नाही, कोर्ट नाही, राजाच्या इच्छेवर अपील नाही. राजाने सही केली की तो कायदा. आणि ज्याच्या हातात ही सही, त्याला भिंतीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं, माणसं खरी आहेत का नाहीत कळायचं नाही. बँकेच्या भाषेत सांगायचं तर खात्यात अख्खा देश, सही करणारा एकटा, आणि त्याला आपण कुठे बसलोय ते माहीत नाही. अशा खात्याभोवती किती लोक घुटमळत असतील! लव्ह स्टोरी म्हणून याच्यावर सिनेमे आले, कादंबऱ्या आल्या, पण मला पहिल्यापासून ही सहीचीच गोष्ट वाटत आलीय.

१७६८ मध्ये राजा युरोपच्या दौऱ्यावर निघाला आणि बरोबर डॉक्टर हवा म्हणून आल्टोनाचा हा सरकारी डॉक्टर घेतला. योहान फ्रीडरिश स्ट्रुएन्झे, वय तीस, हाल्ले गावच्या कर्मठ पाद्र्याचा मुलगा आणि स्वतः देवधर्म न मानणारा. (हाल्ले म्हटल्यावर मी एकदम थांबले, कारण त्याच गावच्या त्याच पंथातून डेन्मार्कच्या राजाने तरंगमबाडीला, तमिळनाडूतल्या त्यांच्या वसाहतीत, पाद्री पाठवले होते, त्यातला श्वार्ट्झ पुढे तंजावरला आपल्या भोसल्यांच्या दरबारात मानाने वावरला आणि सरफोजीराजांचा सांभाळ त्याने केला. म्हणजे एकाच गावातून एक माणूस मराठ्यांच्या दरबारात गेला आणि एक कोपनहेगनच्या. तंजावरवाल्याला सरफोजींनी संगमरवरी स्मारक बांधलं. कोपनहेगनवाल्याचं पुढे येतंच आहे.)

दौऱ्यात डॉक्टरचं आणि राजाचं जमलं. इतकी वर्षं सगळे त्याला एकतर घाबरायचे नाहीतर गंडवायचे, हा त्याच्याशी माणसासारखा बोलायचा, बहुतेक तेवढंच पुरलं. परत आल्यावर राजाने त्याला ठेवूनच घेतलं. राणीला मात्र तो आवडत नव्हता, नवऱ्याच्या माणसांपैकी आणखी एक, असं तिला वाटलं असणार. १७६९ मध्ये ती आजारी पडली, खाईना बोलेना, तेव्हा राजानेच आग्रह धरला की याला दाखव. म्हणजे डॉक्टरला बायकोच्या खोलीपर्यंत नवऱ्यानेच पोचवलं! डॉक्टरने औषध काय दिलं तर घोड्यावर बसा, मोकळ्या हवेत जा, लोकांत मिसळा. मला हे वाचताना उगीच भरून आलं, कारण अठरा वर्षांच्या मुलीला तीन वर्षांत हे कोणीच सांगितलं नव्हतं. १७७० मध्ये देवीची साथ आली तेव्हा त्याने छोट्या युवराजाला देवी टोचल्या, त्या काळी केवढी जोखमीची गोष्ट, आणि पोरगं सुखरूप राहिलं. आईचा विश्वास मग कुठे जातो? त्या वसंतात दोघं एक झाली होती.

गुप्त प्रेमप्रकरण म्हणतात याला. डोंबलाचं गुप्त! राणी पुरुषी विजार घालून पुरुषांसारखी घोड्यावर बसून शहरातून जायची आणि शेजारी डॉक्टर. दासींनी तर पुढे चौकशीत सगळं ओकलं. त्यांनी बाईसाहेबांच्या खोलीच्या कुलपात मेण भरून ठेवलं, रात्रीतून दार उघडलं का ते कळावं म्हणून. जमिनीवर पिठूळ भुकटी भुरभुरली आणि सकाळी पुरुषाच्या पावलांचे ठसे मोजले. हे वाचलं आणि मला आमच्या जुन्या वाड्यातली रांगोळी आठवली, कोण उशिरा आलं ते जिन्यासमोरच्या पुसलेल्या रांगोळीवरून आजी ओळखायची. दासींनी बाईसाहेबांना समजही दिली होती की हे लोकांना कळतंय. तिने जरा दिवस जपून काढले. मग पुन्हा तेच. मला विचाराल तर तिला लपवायचंच नव्हतं, चार वर्षं तिच्याकडे बघितलं कोणी नाही आणि आता बघतायत तर बघू देत, अशा काहीतरी मस्तीत ती असावी. वीस वय नव्हतं पूर्ण.

राजाला कळत होतं का? मला वाटतं कळत होतं आणि त्याला बरंच वाटत असावं, घरातली आरडाओरड थांबली, कोणी आपल्याला धारेवर धरत नाही, समोर येईल त्या कागदावर सही केली की दिवस सुटला.

आणि कागद यायला लागले. १७७० च्या सप्टेंबरमध्ये सेन्सॉरशिप रद्द, सगळीच्या सगळी. युरोपात कोणी केलं नव्हतं, व्हॉल्टेअरने कौतुकाची कविता लिहून पाठवली, अर्थात राजाच्या नावाने. जुना मंत्री बर्नस्टॉर्फ घरी. डिसेंबरात मंत्र्यांचं मंडळच बरखास्त. चौकशीतला छळ बंद, कुळांच्या वेठबिगारीला मर्यादा, धार्मिक सुट्ट्या कमी, बड्या लोकांच्या नोकरांना बक्षिसी म्हणून सरकारी जागा देणं बंद, टाकलेल्या पोरांसाठी सोय. शेवटच्या दहाएक महिन्यांत १,०६९ हुकूम, म्हणजे दिवसाला तीनच्या वर. मी ऑफिसात बसलेली बाई आहे, मला माहितीये दिवसाला तीन सर्क्युलर आली की स्टाफचं काय होतं. चांगली असली तरी! पहिल्याची अंमलबजावणी होतेय तोवर चौथं. बरं, हा गृहस्थ डॅनिश शिकलाच नाही, हुकूम सगळे जर्मनमध्ये. लोकांना सुधारणा दिसल्या नाहीत, त्यांना दिसला परका डॉक्टर, जो त्यांच्या सणाच्या सुट्ट्या कापतो आणि त्यांच्या राणीकडे झोपतो. आणि छापायची मोकळीक यानेच दिलेली, तर त्या मोकळ्या छापखान्यांतून पहिलं काय बाहेर पडलं असेल? याच दोघांवरची चोपडी, घाणेरड्या चित्रांसकट. शेवटी १७७१ च्या ऑक्टोबरात त्याला स्वतःच्याच हुकमाला वेसण घालावी लागली.

पण चूक त्याच्या आधी, जुलैमध्ये झाली होती. त्या एका महिन्यात काय काय झालं बघा. सात तारखेला राणीला मुलगी झाली, लुइस आउगुस्ता. सगळा गाव तिला डॉक्टरचीच म्हणायचा, राजाने आपली म्हणून स्वीकारली. त्याच महिन्यात डॉक्टर काउंट झाला. आणि त्याच महिन्यात राजाच्या सहीने एक कागद निघाला की यापुढे स्ट्रुएन्झेने सही केलेला हुकूम हा राजाने सही केल्यासारखाच मानावा, राजाला नंतर आठवड्याचा गोषवारा दाखवला की झालं.

इथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. अरे बाबा, तू आत्तापर्यंत राजाचा हात धरून सही करवून घेत होतास, ते सगळेच करत आले होते, तुझ्या आधीचे आणि नंतरचेही करणार. हात तरी त्याचाच होता. आता तू हातही बाजूला सारलास? राणीशी लफडं करणाऱ्याला दरबार कदाचित गुपचूप हाकलून देतो, मिटवून टाकतो. राजाच्या जागी स्वतःची सही करणाऱ्याला सोडत नाहीत. आरोपांमध्ये राणीचं प्रकरण होतंच, पण राजाचा अधिकार बळकावला हा आरोप त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा होता.

आमच्या ब्रँचची एक गोष्ट मध्येच सांगते. एक पेन्शनर आजोबा होते, अर्धांगवायू झालेले, बँकेत येणं शक्य नाही म्हणून मॅनेजरसाहेब आणि मी त्यांच्या घरी गेलो. खोलीत औषधांचा आणि गोमूत्राचा वास. मुलगा फार अदबीने वागत होता, चहा आधीच सांगून ठेवलेला. फॉर्म पुढे केला तर त्याने वडिलांचं मनगट धरलं, बोटांत पेन खोचलं आणि सही करायला लागला, म्हणजे हात त्यांचा, वळणं याची. साहेब म्हणाले असं नको, अंगठा घेऊ, दोन साक्षीदार लागतील. मग स्टॅम्पपॅड आलं. आजोबांना मी विचारलं, आजोबा, पैसे काढायचेत ना? ते माझ्याकडे बघत राहिले. मुलगा म्हणाला, हो म्हणतायत ते. मी साक्षीदार म्हणून सही केली. काही वावगं नव्हतं, नियमात बसत होतं सगळं, मुलगा बापाचं सगळं करतही होता. पण परत येताना रिक्षात साहेब आणि मी एक शब्द बोललो नाही.

असो. १६ जानेवारी १७७२, ख्रिश्चनबोर्ग राजवाड्याच्या नाट्यगृहात मुखवट्यांचा नाच. (ते नाट्यगृह पुढच्या दोन आगींतून वाचलं, अजून आहे.) राणी नाचली, डॉक्टर नाचला, राजा लवकर झोपायला गेला. पहाटे राजाच्या खोलीत माणसं शिरली. सावत्र आई युलियाने मारी, तिचा मुलगा, त्याचा सेक्रेटरी गुल्डबर्ग, आणि रांत्साउ नावाचा सरदार, जो डॉक्टरचा आल्टोनापासूनचा दोस्त. झोपेतून उठवून राजाला सांगितलं तुझ्या जिवावर कट आहे, तो थरथर कापायला लागला, आणि मग पुढे केले, अर्थातच, आधीच लिहून आणलेले कागद. त्याने सह्या केल्या. डॉक्टर आणि त्याचा साथीदार ब्रांट किल्ल्यातल्या तुरुंगात. राणी हेल्सिंगोरच्या क्रोनबोर्ग किल्ल्यात, सहा महिन्यांचं तान्हं बरोबर, मुलगा मागेच. दुसऱ्या दिवशी राजाला बग्गीत बसवून शहरातून फिरवलं, लोकांनी जयजयकार केला. काल ज्याच्या सहीला किंमत होती त्याच्याच सहीला आज किंमत होती, फक्त पेन धरणारे बदलले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात आपले माधवराव पेशवे थेऊरला गेले आणि पुढच्या वर्षी नारायणरावांचा खून झाला. एका कागदावर ध चा मा झाला म्हणतात तो हाच काळ. कागदांचे दिवस वाईट होते एकूण.

डॉक्टरने फेब्रुवारीत कबुली दिली. यावरून त्याला भित्रा म्हणणारे बरेच आहेत, मला तसं म्हणवत नाही, साखळीत बसून पाहिलेलं नाही आपण. मार्चमध्ये ती कबुली घेऊन लोक क्रोनबोर्गला गेले. राणीने आधी नाकारलं. मग त्याची सही दाखवली तेव्हा तिनेही कबूल केलं, आणि सगळा दोष स्वतःवर ओढून घ्यायला बघितला, त्याचा जीव वाचेल म्हणून. सही करता करता ती बेशुद्ध पडली आणि अर्धवट नाव कोणीतरी हात धरून पूर्ण केलं अशी एक दंतकथा चालत आलीय. फिल्मी आहे, मला पटत नाही. पण लोकांना ती सांगावीशी का वाटली असेल हे मात्र पटतं.

एप्रिलमध्ये घटस्फोट. २८ एप्रिलला कोपनहेगनच्या बाहेरच्या माळावर हजारो लोकांसमोर आधी ब्रांट, मग स्ट्रुएन्झे. आधी उजवा हात तोडला, मग डोकं. उजवा हात! सहीचा. राजद्रोहाची ती ठरलेली शिक्षाच होती तिथे, पण मला वाचताना दुसरं काही सुचलं नाही. ब्रांटचा गुन्हा काय तर राजाशी झटापटीत त्याच्या बोटाला चावला होता. त्या शिक्षेच्या कागदांवरही राजाचीच सही.

इंग्लंडच्या भावाने बहिणीसाठी जहाजं पाठवली. मे महिन्याच्या शेवटी ती क्रोनबोर्गहून निघाली. मुलगी अकरा महिन्यांचीही नव्हती, ती डेन्मार्कची राजकन्या म्हणून तिथेच ठेवून घेतली. राजाची मुलगी आहे असं सहीशिक्क्याने ठरलेलं ना! तेच तिच्या कामाला आलं आणि त्यानेच तिची आई गेली. दोन्ही मुलं पुन्हा तिला दिसली नाहीत. भावाने तिला लंडनला नेलं नाही, हॅनोव्हरच्या मुलखात त्सेले गावच्या वाड्यात ठेवलं.

तिथे मी जाऊन आले, लेकीने रविवारी नेलं. गाव चित्रातल्यासारखं, लाकडी चौकटींची घरं, तिरक्या तुळयांवर जुनी अक्षरं कोरलेली. वाड्यात एक छोटं नाट्यगृह आहे, तिथे ती नाटकं करवायची. बागेत तिचं संगमरवरी स्मारक आहे आणि त्याच्या पायऱ्यांवर एक शाळकरी पोरगी आइस्क्रीम खात बसली होती. १७७५ च्या मे महिन्यात लाल तापाने राणी गेली, तेवीस वर्षांची. परत गादीवर आणायचे बेत चालू होते, एक इंग्रज माणूस निरोप घेऊन ये-जा करत होता, ते सगळं तिथेच थांबलं.

गावच्या चर्चच्या तळघरात तिला ठेवलंय आणि तिथे आणखी एक आहे, सोफिया डोरोथिया, हिच्या आजोबांची आई, म्हणजे पणजी. तिचंही हेच. नवरा पुढे इंग्लंडचा पहिला जॉर्ज झाला, हिचं प्रेम क्योनिग्समार्क नावाच्या काउंटवर. १६९४ मध्ये एका रात्री तो हॅनोव्हरच्या राजवाड्यात गेला तो परत कोणाला दिसलाच नाही. तिला एका वाड्यात डांबलं ते १७२६ मध्ये मरेपर्यंत, तीस वर्षांच्या वर. दोघांची पत्रं मात्र राहिली, बरीचशी स्वीडनमध्ये लुंडच्या विद्यापीठात आहेत. पणजी आणि पणती एकाच तळघरात. लेक म्हणाली, काय गं हे घराणं! मी म्हटलं, बायका त्याच, घराणं नवऱ्यांचं.

पुढचं थोडक्यात. १७८४ मध्ये युवराज फ्रेडरिक, तोच देवी टोचलेला, सोळा वर्षांचा झाला, सल्लागारांच्या पहिल्याच बैठकीला आला, खिशातून कागद काढला आणि वडिलांपुढे धरला. वडिलांनी सही केली. गुल्डबर्ग आणि कंपनी घरी. सावत्र काका राजाला ओढायला धावला आणि त्या दोघांची चक्क धक्काबुक्की झाली, का तर राजा कोणाच्या हाताशी राहणार! कुळांना बांधून ठेवणारा जुना नियम पुढे या मुलाच्या काळात, १७८८ मध्ये मोडला. आणि डॉक्टरची म्हणत ती मुलगी वाढली, लग्न झालं, तिची लेक डेन्मार्कची राणी झाली. स्वीडनचा आत्ताचा राजा लुइस आउगुस्ताच्याच वंशातला.

राजा १८०८ पर्यंत जगला. ज्या वर्षी त्सेलेला राणी गेली त्या १७७५ मध्ये त्याने एक चित्र काढलं होतं, स्ट्रुएन्झे आणि ब्रांट यांचं, आणि त्यावर जर्मनमध्ये लिहिलं की मला दोघांनाही वाचवायला आवडलं असतं.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागेना, आणि आठवत काय होतं तर ते पेन्शनर आजोबा. अंगठा उठवून झाल्यावर मुलगा फॉर्मवर फुंकर मारत शाई वाळवत होता, साहेब चहा पीत होते, आणि आजोबा पलंगावर पडल्या पडल्या तो अंगठा चादरीला पुसत होते, शाई कधीच निघून गेली होती तरी पुसतच होते.